एका तपासणीची आठ वर्षे : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि बार्शी-उस्मानाबाद परिसरातील संशोधन

माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, तसेच कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरही आहे. हा लोहमार्ग म्हणजे पूर्वीची ‘बार्शी लाईट’. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू झाली आणि १९०६ साली पंढरपूरपर्यंत पोहोचली. अरुंद रुळांची ती गाडी आता इतिहासजमा झाली आहे. बार्शीचे नाव मात्र या परिसरातील घराघरांत आजही घेतले जाते, आणि बहुतेकदा ते आवाज खाली आणून घेतले जाते. ‘आईला बार्शीला दाखवलं’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. आजार कोणता ते त्याला कळलेले असते.

मोडनिंब येथील अशाच एका घरी आजारी आजींना भेटावयास आम्ही गेलो होतो. आजींना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता आणि तो फार उशिरा ध्यानात आला होता. निघताना त्यांच्या सूनबाई दारापर्यंत आल्या व त्यांनी दोन प्रश्न विचारले. “फादर, सासूबाईंचं आधी कळलं असतं तर फरक पडला असता का?” हा पहिला. दुसरा त्यांनी जरा घुटमळत विचारला : “आणि मला काहीच त्रास नाही, तर मी तपासून कशाला घ्यायचं?”

वाचकहो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राकडे आहेत आणि ती परदेशातून उसनी आणलेली नाहीत. मोडनिंबहून तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या बार्शीतील रुग्णालयाने, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील (२०२३ पासून धाराशिव) एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने ती शोधून काढली आहेत. त्या उत्तरांच्या आधारे पुढे जगभराची धोरणे बदलली. आमच्या धर्मग्रामांतील किती भगिनींना हे ठाऊक आहे, असा प्रश्न आम्ही स्वतःला केला आणि हा लेख लिहावयास घेतला.

आजार आणि त्याचा संथ प्रवास

गर्भाशय, म्हणजे बोलीभाषेतील ‘पिशवी’, हिचे खालचे टोक योनिमार्गात उघडते. त्या टोकाला गर्भाशयमुख म्हणतात. तेथील कर्करोग जवळजवळ नेहमीच ‘ह्युमन पॅपिलोमा व्हायरस’ अर्थात एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून उद्भवतो. हे नाते उलगडून दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांस कारणीभूत ठरतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे, परंतु वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतोच, आणि दहांपैकी नऊ जणांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसाही होतो. त्यामुळे हा आजार कोणत्याही स्त्रीच्या किंवा तिच्या पतीच्या चारित्र्याचा दाखला ठरत नाही. लोकलज्जेपोटी आजार लपविला गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे लिहिले.

थोड्या स्त्रियांत हा संसर्ग टिकून राहतो. गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलांना कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. तेथून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणपणे दहा ते वीस वर्षे जातात, आणि या सर्व काळात त्या स्त्रीला बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही. पाळी नसताना रक्त जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असण्याची शक्यता असते. सूनबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या संथ प्रवासातच आहे : त्रास नाही तोवरचा काळ हाच तपासणीचा काळ होय. कर्करोगपूर्व अवस्थेतील भाग अतिशीत वायूने गोठवून किंवा विजेच्या तारेच्या फासाने कापून काढता येतो. पिशवी काढावी लागत नाही, आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते.

पिशवी काढण्याचा विषय निघालाच आहे, तर एक कटू वास्तव सांगून ठेवतो. कर्करोगाची नुसती भीती घालून, कोणतीही खात्रीची तपासणी न करता, गोरगरीब स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्याच्या तक्रारी मराठवाड्यात झाल्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या या प्रश्नावर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अंगावरून पांढरे जाते म्हणून तिशीतच पिशवी गमावलेल्या स्त्रीला पाच मिनिटांची तपासणी मिळाली असती, तर यांतील कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या असत्या. तपासणीचा अभाव दोन्ही बाजूंनी मारतो. जिला आजार आहे ती उशिरा पोहोचते, आणि जिला नाही तिच्या पोटावर उगाच सुरी चालते.

बार्शीत काय घडले

बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय १९८०च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. डॉ. भगवान नेने हे त्यामागील प्रमुख नाव. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे पाठबळ या ग्रामीण रुग्णालयास लाभले. १९८७ साली येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती.

कर्करोग नोंदणी म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणे. मोठ्या शहरांत हे काम रुग्णालयांच्या दप्तरांतून होते. खेड्यात दप्तरच नाही, तर काय करावयाचे? डॉ. कस्तुरी जयंत यांच्या मार्गदर्शनाखाली बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते गावोगाव फिरले, गावातील जाणत्या मंडळींना भेटले, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना रुग्णालयापर्यंत पोहोचविले. मोजणी करावयास गेलेली माणसे अशा रीतीने नकळत शिकवूही लागली. काही वर्षांनी आकडे तपासले असता असे दिसले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते, कोणतेही नवे औषध आलेले नव्हते. आमच्या मते बार्शीच्या सर्व कार्यातील हा भाग सर्वांत कमी सांगितला गेलेला आणि धर्मग्रामांनी सर्वप्रथम आत्मसात करावा असा आहे.

तथापि लवकर येणे वेगळे आणि मृत्यू टळणे वेगळे. श्रीमंत देशांत पॅप तपासणी अनेक दशकांपासून रूढ होती. तीत गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत, प्रयोगशाळा हवी, आणि स्त्रीने पुन्हा पुन्हा येणे हवे. भारतीय खेड्यात हे कसे जमावे? म्हणून स्वस्त पर्याय पुढे आला : सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे शिरक्यातील आम्ल, गर्भाशयमुखास लावावयाचे आणि मिनिटभराने निरखावयाचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षित परिचारिका हे करू शकते. यास व्हीआयए म्हणतात. तिसरा मार्ग एचपीव्ही तपासणीचा. मऊ ब्रशने स्राव घेऊन प्रयोगशाळेत विषाणूची जनुकद्रव्ये शोधावयाची. ही तपासणी महाग.

या तिहींपैकी कोणती तपासणी खेड्यातील स्त्रीचा जीव प्रत्यक्षात वाचविते, हे ठरविण्यासाठी १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात संशोधनास प्रारंभ झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियों येथील जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम होता. बिल आणि मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य त्यास होते. संशोधनाचे नेतृत्व डॉ. आर. शंकरनारायणन यांनी केले. बार्शीचे डॉ. नेने आणि मुंबईचे डॉ. सुरेंद्र शास्त्री हे त्यांचे प्रमुख सहकारी.

चार गट, एक तपासणी, आठ वर्षे

या संशोधनाची रचना समजून घेतल्यावाचून त्याचे मोल कळणार नाही, म्हणून वाचकांनी येथे थोडा धीर धरावा.

३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या अभ्यासात होत्या. त्यांच्या गावांचे ५२ समूह करण्यात आले. कोणत्या समूहाच्या वाट्यास काय यावे, हे माणसाने ठरविले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, निव्वळ योगायोगाने ते ठरविण्यात आले. तेरा-तेरा समूहांचे चार गट झाले. पहिल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांना एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यातील ३२,०५८ जणींना पॅप तपासणी, तिसऱ्यातील ३४,०७४ जणींना व्हीआयए. चौथ्या गटातील ३१,४८८ जणींना तपासणी देण्यात आली नाही. गावात एरवी जी वैद्यकीय सेवा उपलब्ध होती, तीच त्यांच्यासाठी राहिली. हा तुलनागट.

चिठ्ठ्या कशासाठी, असे कोणी विचारील. एखाद्या गावाने आपणहून तपासणी मागितली, तर ते गाव बहुधा अधिक शिकलेले, रस्त्यालगतचे, दवाखान्याजवळचे असणार. तेथे मृत्यू कमी झाले, तर श्रेय तपासणीचे की रस्त्याचे? योगायोगाने वाटणी केली म्हणजे असे सर्व भेद चारही गटांत सारखे पसरतात, आणि शेवटी जो फरक उरतो तो तपासणीचाच असतो.

परिचारिकांनी गावोगाव जाऊन तपासण्या केल्या. बोलाविलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के आल्या. ज्या काळी घरातील पुरुषाच्या किंवा सासूच्या परवानगीवाचून बाहेर पडणे अनेकींना शक्य नव्हते, त्या काळी हा आकडा थोर म्हणावा लागेल. प्रत्येकीची तपासणी एकदाच झाली. ज्यांच्यात दोष आढळला त्यांची पुढील तपासणी करून उपचार करण्यात आले.

२००५ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ते काहीसे निराश करणारे होते. गंभीर स्वरूपाची कर्करोगपूर्व अवस्था शोधण्यात तिन्ही तपासण्या जवळपास सारख्याच दिसल्या : व्हीआयएमध्ये ०.७ टक्के, पॅपमध्ये १.० टक्के, एचपीव्हीमध्ये ०.९ टक्के. संशोधक येथेच थांबले असते, तर ‘सर्वांत स्वस्त ती घ्या’ असा सल्ला निघाला असता आणि तो बुद्धीला पटलाही असता.

परंतु ते थांबले नाहीत. नोंदणीची माणसे गावोगाव फिरत राहिली. कोणास कर्करोग झाला, कोणत्या अवस्थेत सापडला, कोण दगावले, याची नोंद होत राहिली. २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात आठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तुलनागटात ६४ स्त्रिया या कर्करोगाने मरण पावल्या होत्या, तर एचपीव्ही गटात ३४. वाढलेल्या अवस्थेतील कर्करोग तुलनागटात ८२ जणींत आढळला, एचपीव्ही गटात ३९ जणींत. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए या दोन्ही गटांत मात्र पन्नासहून अधिक मृत्यू झाले. तुलनागटाहून हा फरक इतका थोडा होता, की तो योगायोगानेही पडू शकला असता.

एक बारकावा येथे नोंदवावा लागेल. एचपीव्ही गटातील या ३४ मृत्यूंत तपासणीस न आलेल्या स्त्रियाही मोजलेल्या आहेत. न आलेल्यांना वगळले असते तर आकडा अधिक सुंदर दिसला असता, पण तो खरा राहिला नसता, कारण खऱ्या गावात काही जणी येत नाहीतच. ज्या २४ हजारांहून अधिक स्त्रियांची एचपीव्ही तपासणी झाली आणि विषाणू नाही असे निष्पन्न झाले, त्यांच्यापैकी त्या आठ वर्षांत एकीचाही या कर्करोगाने मृत्यू झाला नाही. आम्ही हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन आकडा तपासला होता.

व्हीआयए निरुपयोगी ठरली, असा अर्थ यातून काढू नये. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात झालेल्या अशाच अभ्यासात एकदा केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने आरोग्यसेविकांकरवी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेथे ही घट ३१ टक्के होती. २०१३-१४ मध्ये ते निष्कर्ष जाहीर झाले. करणाऱ्याचा हात आणि डोळा यांवर ही तपासणी अवलंबून असते. हात बदलला की फळ बदलते.

चौथा गट

आता आम्हांस अस्वस्थ करणाऱ्या भागाकडे वळू. तुलनागटातील त्या ६४ स्त्रियांना तपासणी मिळाली असती, तर ढोबळ हिशेबाने त्यांतील तीसएक जणी वाचल्या असत्या. त्यांना ती का दिली गेली नाही?

हा प्रश्न अमेरिकी वैद्य डॉ. एरिक सूबा यांनी जाहीरपणे उपस्थित केला. उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगल या तिन्ही अभ्यासांतील तपासणीविना राहिलेल्या गटांत मिळून २५४ स्त्रियांचा मृत्यू झाल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. याविषयी अमेरिकेत तक्रार झाली, चौकशी झाली, आणि मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात दोन्ही बाजूंनी प्रदीर्घ वाद झाला. टीकाकारांचे म्हणणे असे, की तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीच ठाऊक होते. ते ठाऊक असताना काही स्त्रियांना तपासणीविना ठेवणे आणि त्यांना त्याची पुरेशी कल्पना न देणे, हे अन्याय्य होय. संशोधकांचे उत्तर असे, की त्या काळी ग्रामीण भारतात कोणासही ही तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही. आणि तुलनेवाचून भारतीय खेड्यात काय उपयोगी पडते हे कधीच कळले नसते.

आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि असे म्हणून हात झटकावेत असेही वाटत नाही. संशोधनाची रचना शास्त्राच्या कसोटीवर सचोटीची होती. २००५ मधील निष्कर्ष किती फसवे ठरले असते, हे पाहिल्यावर तुलनागटाची आवश्यकताही पटते. परंतु ‘एरवीही त्यांना काही मिळत नव्हतेच’ हा युक्तिवाद गरिबाच्या गरिबीलाच साक्षीस उभे करतो. त्याचे समर्थन एकाच गोष्टीने होऊ शकेल : जे ज्ञान मिळाले ते त्याच गावांपर्यंत, त्याच स्त्रियांच्या लेकी-सुनांपर्यंत विनाविलंब परत जाणे. ते गेले काय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. उस्मानाबादचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन त्या वेळी दहा वर्षे उलटून गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार मृत्युमुखी पडतात.

जगाने मात्र हे ज्ञान उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एचपीव्ही तपासणीला प्रथम पसंती दिली. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एकदा ती पुरेशी मानली आहे. एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी असे प्रमाण आहे. नमुना स्त्रीने स्वतः घेतला तरी चालतो, हेही त्या मार्गदर्शिकेत मान्य झाले आहे. संकोचामुळे दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या आमच्या भगिनींसाठी ही मोठी सवलत आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी ठरविण्यात आली.

उपचार आणि लस

आजींसारख्या ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांच्यासाठीही संशोधन थांबलेले नाही. टाटा स्मारक केंद्रात वाढलेल्या अवस्थेतील, म्हणजे ‘तीन-बी’ टप्प्यातील ८५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. नुसत्या किरणोपचाराऐवजी त्याच्या जोडीला दर आठवड्यास सिस्प्लॅटिन हे औषध दिले असता पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. हे औषध जुने आणि स्वस्त आहे. सुमारे त्याच वेळी तेथील दुसऱ्या एका चाचणीत, आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा किरणोपचार व औषधे एकत्र देणे आजार रोखण्यास सरस आहे, असे दिसून आले. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्याव्या लागणाऱ्या स्त्रियांना आतड्यांचा त्रास वर्षानुवर्षे सोसावा लागतो. प्रतिमांच्या साहाय्याने नेमके किरण देणाऱ्या पद्धतीने तो त्रास निम्म्यावर येतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०० स्त्रियांवरील चाचणीने दाखविले. ‘बार्शीला नेलं’ म्हणजे सारे संपले, असे मानणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

लसीच्या संशोधनातही बार्शीचे नाव आहे, आणि ती कथा विलक्षण आहे. एचपीव्ही लसीचे तीन डोस द्यावेत की दोन पुरेत, हे पाहण्यासाठी २००९ साली देशातील नऊ केंद्रांवर १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींवर अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी एक केंद्र बार्शी. त्याच सुमारास आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातील काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये शासनाने अशा सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबविले. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचा निर्वाळा चौकशीत मिळाला. परंतु त्या प्रकल्पात पालकांची संमती ज्या रीतीने घेतली गेली, तिच्यावर संसदीय समितीने २०१३ साली कठोर ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते.

बार्शीसह नऊ केंद्रांवरील १७,७२९ मुलींपैकी सुमारे पाच हजार जणींना यामुळे एकच डोस मिळाला. अभ्यास फसला असे म्हणून संशोधक स्वस्थ बसले नाहीत. दहा वर्षे त्यांनी या मुलींची विचारपूस चालू ठेवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १६ व १८ क्रमांकाच्या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोस ९५.४ टक्के परिणामकारक ठरला. दोन व तीन डोसांचे आकडे ९३ टक्क्यांच्या आसपास होते. जगातील अन्य अभ्यासांबरोबर या पुराव्याचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयोगटासाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. गरीब देशांचा लसीचा खर्च त्यामुळे निम्म्यावर आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लसीस जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे.

वाचकांसाठी काही व्यावहारिक सूचना

एखाद्या रुग्णालयात आपणांस किंवा आपल्या आप्तांस वैद्यकीय चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले गेले, तर घाबरून नकार देऊ नये आणि डॉक्टरांच्या भिडेपोटी होकारही देऊ नये. संमतिपत्र आपल्या भाषेत मागावे, ते घरी नेऊन वाचावे. आपण कोणत्या गटात पडू शकतो, चाचणीबाहेर कोणता उपचार उपलब्ध आहे, इजा झाल्यास खर्च कोण सोसणार, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क सहभागी व्यक्तीस असतो, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद शासनाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये करणे जून २००९ पासून सक्तीचे आहे. २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. वैद्यक क्षेत्राबाहेरील सामान्य नागरिक व कायदेतज्ज्ञ तीत हवेतच, आणि समाजशास्त्रज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा ईश्वरविद्येचा अभ्यासक यांच्यासाठीही तीत एक जागा आहे. आमच्या पुरोहितबंधूंपैकी ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी ही जागा रिकामी सोडू नये.

तपासणीविषयी : वय ३० पूर्ण झालेल्या व वैवाहिक जीवन जगलेल्या प्रत्येक स्त्रीने, त्रास असो वा नसो, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. एचपीव्ही तपासणीची सोय तेथे नसल्यास व्हीआयए करून घ्यावी. मुळीच न करण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पाळीच्या दिवसांत जाऊ नये. तपासणीस पाच-दहा मिनिटे लागतात, किंचित अवघडल्यासारखे वाटते, फारसे दुखत नाही. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावयाची असते, कारण लस विषाणूच्या सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही. दोष आढळल्यास तो कर्करोगच आहे असे समजू नये. बहुतेकदा तसे नसते, मात्र पुढील तपासणीस दिलेल्या तारखेस जावेच. अहवालाचा कागद जपून ठेवावा. पुढच्या खेपेस डॉक्टर प्रथम तोच मागतात.